तळपाय

सकाळी नऊला मी मासेघराचे दिवे लावते.
डनेडिनमध्ये बाहेर अजून दहिवर असतं,
आत बारा महिने अठ्ठावीस अंश
आणि सातशे टाक्यांमधून पाण्याची एकसुरी कुरकुर.
उजेड पडला की झेब्रामासे अंडी घालतात.
मला उशीर झाला तर त्यांनाही होतो.
हे ऐकून बाबा हसले होते :
"म्हणजे तिथला सूर्य तूच की, किरी!"

किरी म्हणजे आमच्या माओरीत कातडी,
झाडाची सालही.
नाव ठेवताना कुणाला काय ठाऊक.

एका दिवसाचं अंडं भिंगाखाली धरा,
आत लपलेलं असं काही नसतं.
पाठीच्या काठावरून पेशी रांग मोडून निघतात,
रंग यायचा असतो अजून, नुसती चाल.
कुणी पोटाकडे, कुणी शेपटीकडे,
काही वाटेतच नसेच्या कुशीत दडून बसतात,
पुढेमागे लागलंच तर, म्हणून.
तीस तासांनी पहिला काळा ठिपका.
अकरा वर्षं पाहतेय,
दर वेळी मान आपसूक पुढे जाते.

शेपटीचा पर कापायचा तर माशाला आधी गुंगी देते.
ब्लेड एकदाच.
दोन आठवड्यांत पर परत,
आधी काचेसारखा, उसना आणल्यासारखा,
मग दडलेल्या जाग्या होतात
आणि पट्टे तुटल्या जागेवरून पुढे चालू,
जणू कुणी ओळ अर्धी टाकून
चहाला गेलं होतं.

बाबा, एरुएरा, ब्लफच्या बंदरातले,
चाळीस हिवाळे कालवांच्या बोटीवर.
आम्ही त्यांच्या हातांचं ऊन मोजत राहिलो :
टोपी घाला, मलम लावा, मानेवरचा तो तीळ दाखवा.
रबरी बुटातल्या टाचेला
ऊन कधी शिवलंच नव्हतं.
तिथला डाग आधी शाईचा होता,
मग चिमटलेल्या रक्ताचा, मग "जुनं काहीतरी".
आपल्या पायाखाली काय जळतंय
ते आपल्याला दिसत नाही,
आणि त्यांना तर गुडघाही वाकवता येत नव्हता.

डॉक्टर फेनविकनी कागदावर टाच काढली,
घामाच्या ग्रंथी काढल्या, मुळांसारख्या,
तिथे राखणीला बसलेल्या रंगपेशी काढल्या
आणि एकीभोवती गोल केला.
बाबांनी माझ्याकडे पाहिलं.
मला पुढचं पाठ होतं, मी सांगितलं नाही :
की ती पेशी फारसं नवं शिकलेली नसते,
तिला आठवते
गर्भातली ती पहिली चाल,
फक्त या वेळी थांबायचं कुठे, ते आठवत नाही.

टाच खरवडली, मांडीची कातडी काढून तिथे लावली.
महिन्याभराने मांडीवरच्या त्या फिक्या चौकोनात
केसांच्या मुळाशी तपकिरी ठिपके उगवले,
चार, मग नऊ.
बाबा चष्मा लावून मोजायचे.
"बघ, तुझे मासे."
त्याच आठवड्यात जांघेत गाठ लागली हाताला.

मग फुप्फुस. मार्चमध्ये मेंदू.
तळपायाची आग मस्तकात गेली.
रागाची नव्हे. राग त्यांना यायचाच नाही,
बोट बुडाली तेव्हाही
ते आधी जाळ्याबद्दल हळहळले होते.

मांडीवरचे ठिपके शेवटपर्यंत वाढत होते,
जुळत आले होते कडेला.
एकच घराणं. एक भाऊ डागडुजी करतो,
दुसरा घर पाडतो,
दोघांची चालण्याची ढब सारखी.
हेल्गा, आमच्या प्रयोगशाळेची प्रमुख,
याला काहीतरी नाव देते. मला ते वापरवत नाही.

ब्लफहून परतले त्या मंगळवारी
दिवे वीस मिनिटं उशिरा लागले.
मासे थांबले होते.
बुधवारी दुपारी, साडेतीनच्या सुमारास,
मी भिंगापासून दूर बसून राहिले, हात मांडीवर.

मग मान पुढे गेली.